विश्वासराव आणि सगदेवांच्या दोन गाड्या

विश्वासराव देवपुजारी हे माझे मेहुणे, माझ्या धाकट्या बहिणीचे, नलिनीचे यजमान. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी त्यांचं भरपूर कौतुक करणार आहे आणि मेहुण्याचं कौतुक करण्याची आमच्या घरात पद्धत नाही. माझे वडील छप्पन्न साली नागपूरहून सरकारी कचेरीच्या पेट्यांबरोबर भोपाळला आले. पुढे मीही सचिवालयात छत्तीस वर्षं फायली हलवल्या. त्यामुळे कागदावर आहे ते आहे आणि नाही ते नाही, असा माझा स्वभावच होऊन बसला. विश्वासराव याच्या अगदी उलट. वर्ध्याहून आयटीआय करून ते इथल्या मोठ्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, टर्बाइनं जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि कागदाचा एकच उपयोग त्यांना माहीत होता. हाताचं ग्रीस पुसायचा.

त्यांच्याजवळ हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर आहे, लाकडी मुठीचा. चालू यंत्रावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते सांगतात की आत काय दुखतंय. आता त्यांचं वय एकाहत्तर आहे. नलिनीने चहाला तीनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नाही, पण मागच्या गल्लीतल्या कुणाच्या स्कूटरचं बेअरिंग गेलंय हे मात्र बरोबर समजतं. हा सोयीचा बहिरेपणा आहे असं नलिनीचं म्हणणं आहे, आणि माझंही.

दुसरी त्यांची खोड म्हणजे कोणत्याही दोन गोष्टींत कोणती चांगली असं विचारलं, की ते उलट विचारतात, "कशासाठी?" एकदा मी म्हटलं, "विश्वासराव, वांगी आपल्या अवधपुरीची चांगली की बिट्टन मार्केटच्या बाजारातली?" तर म्हणे, "कशासाठी? भरायची का भाजायची?" अशा माणसाशी वाद घालायला फार चिकाटी लागते. मी तो चव्वेचाळीस वर्षं घातला, आणि तोही वांग्यांवरून नाही. डॉक्टर सगदेवांच्या दोन गाड्यांवरून.

डॉक्टर प्रकाश सगदेव आणि डॉक्टर रजनीबाई हे नवराबायको चौऱ्याहत्तर साली जर्मनीतली नोकरी सोडून भोपाळला परतले. येताना दोघांनी आपापली गाडी आणली. डॉक्टरांची बहात्तर सालची पोर्शे ९११ एस, नारिंगी रंगाची. बाईंची एकोणसत्तर सालची मर्सिडीज २८० एसएल, सायीच्या रंगाची. तेव्हा या शहरात ॲम्बॅसिडर असलेल्या माणसाला लोक उठून नमस्कार करायचे. या दोन गाड्या पहिल्यांदा जवाहर चौकातून गेल्या तेव्हा म्हणे एका हलवायाची जिलबी करपली.

विश्वासराव सगदेवांकडे पोहोचले ते एक्याऐंशी साली, बोट कापलं म्हणून. डॉक्टरांनी जवाहर चौकातल्या दवाखान्यात टाके घातले, आणि बाहेर येऊन पोर्शेला किल्ली फिरवली तर ती नीट चालेना. विश्वासरावांनी पट्टी बांधलेल्या हातानेच पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढला, मागचं झाकण उघडायला लावलं आणि दहा मिनिटांत इंजिन सुरळीत केलं. डॉक्टरांनी टाक्यांची फी घेतली नाही. म्हणाले, "देवपुजारी, रविवारी घरी या, चहा घ्यायला." त्या रविवारपासून दोन्ही गाड्यांना दुसऱ्या कुणा मेकॅनिकचा हात लागला नाही.

मी रविवारी त्यांच्याबरोबर जायचो, चहासाठी आणि मर्सिडीजसाठी. काय गाडी होती ती! इंजिन जिथे असायला पाहिजे तिथे, म्हणजे पुढे. एका ओळीत सहा सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. काढता-घालता येणारं छप्पर, मध्ये जरासं खोलगट. दार लावलं की आवाज असा यायचा की माणसाने उगाच दोनदा लावावं. पोर्शेचं सगळंच विचित्र. इंजिन शेपटाला, सहा सिलिंडर आडवे झोपलेले, आणि थंड करायला पाणी नाही, नुसता वारा आणि तेल. त्यात बहात्तरच्या गाडीला इंजिनाचं तेल भरायचं झाकण बाहेरच्या पत्र्यावर, उजव्या दाराच्या मागे. प्रत्येक पंपवाला पेट्रोलची नळी घेऊन तिकडेच धावायचा. "डॉक्टरसाब, टंकी इधर है ना?" मग डॉक्टर ओरडत खाली उतरायचे. मी म्हणायचो, जिला आपलं तोंड कुठे आणि पोट कुठे हे समजत नाही ती गाडी काय कामाची?

"विश्वासराव, कोणती भारी ते एकदा सांगून टाका."

"कशासाठी, अनंतराव?"

एवढं बोलून ते पुन्हा गाडीखाली जायचे.

रजनीबाईंना पोर्शे आवडत नसे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर वेगाचे शौकीन. पहाटे होशंगाबाद रस्त्याला सुटायचे आणि तासाभराने केस विस्कटून परत यायचे. ही गाडी भर वळणावर दचकून पाय उचललात तर मागून फिरते. शेपटाला वजन आहे, मग तसंच व्हायचं. एकदा डॉक्टर अशा वळणावर पूर्ण गोल फिरून उभे राहिले होते. त्यानंतर रजनीबाई त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. लेक मृणाल तेव्हा शाळेत होती. आईला बाबांची गाडी डोळ्यांसमोर नको असते, हे तिच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं.

डॉक्टर सोळा वर्षांपूर्वी गेले, रजनीबाई गेल्या वर्षी. यंदा नवरात्रात मृणाल पुण्याहून आली. अरेरा कॉलनीतलं घर सोडायचं ठरलं होतं आणि पुण्याच्या फ्लॅटखाली जागा होती एकाच गाडीची. म्हणजे एक ठेवायची, एक द्यायची. कोणती ठेवावी हे ठरवायला तिने मुंबईहून जुन्या गाड्यांचा एक पारखी बोलावला. नाव तुषार. चाळिशीतला माणूस, पांढरे हातमोजे, गळ्यात भिंग, आणि बोलणं एकदम मुद्द्याचं.

सप्तमीच्या सकाळी रायसेन रस्त्यावर, रहदारी सुरू व्हायच्या आत, दोन्ही गाड्यांची परीक्षा झाली. तुषार चालवणार, विश्वासराव शेजारी, आणि घड्याळ माझ्या हातात. पोर्शेने शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग साडेसात सेकंदांत गाठला. त्रेपन्न वर्षांची गाडी! मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिनाचा सूर असा चढला की बांधावरच्या म्हशींनी माना वर केल्या. मर्सिडीजला दहा सेकंद लागले, पण खड्डे आले कधी आणि गेले कधी हे आत बसलेल्याला कळलं नाही.

"पळण्यात पोर्शे," तुषार म्हणाला. "वजन कमी, ताकद जास्त, आणि सुकाणू हातात जिवंत लागतं. लांबच्या प्रवासाला मर्सिडीज. दोन्ही गाड्या इतक्या चांगल्या राखलेल्या मी फार थोड्या पाहिल्यात. काका, इंजिनं तुम्हीच बघता?"

"मीच," विश्वासराव म्हणाले, आणि लाजले. त्यांना लाजताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

"आता संग्रहाच्या दृष्टीने," तुषार म्हणाला. "तिथे पळणं पुरत नाही. गाडी जन्माला आली तेव्हा जे इंजिन होतं तेच आज आहे का, हे बघावं लागतं. कारखान्याच्या कागदावरचा नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर एकच पाहिजे. त्यातून पोर्शेच्या त्या काळच्या गाड्यांत एस सगळ्यात वरची. खरी एस असेल तर या मर्सिडीजपेक्षा कितीतरी जास्त मागणी. इंजिन बदललेलं असेल तर मात्र ती नुसती एक जुनी गाडी."

मला हे बोलणं फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा गाड्यांच्या गोष्टीत कागदाला मान मिळत होता. मृणालने कागदांची फाइल माझ्याकडे दिली. मर्सिडीजचा नंबर मी वाचला, तुषारने इंजिनाच्या डाव्या बाजूला टॉर्च मारून तो जुळवला. एका मिनिटाचं काम. मग त्याने पोर्शेचं मागचं झाकण उघडलं, पंख्याच्या उजवीकडे हात घातला आणि ती जागा दोनदा चाचपली.

"नंबर नाहीये."

"म्हणजे?" मृणाल म्हणाली.

"जिथे तो ठोकलेला असतो ती जागा कशाने तरी भरलेली आहे. हे बघा." त्याने नखाने खरवडलं. वरचा काळा थर निघाला आणि नखाखाली लालसर भुकटी आली. "रेड ऑक्साइड. खाली पुट्टी भरायची, वर लाल प्रायमर मारायचा, वरून मळ बसू द्यायचा. मूळ इंजिन काढून साधं बसवलं की असं करतात. मी हे आधी दोनदा पाहिलंय." मग त्याने हातमोजे काढले आणि सौम्यपणे विचारलं, "काका, हे इंजिन बाहेर काढून पूर्ण कधी खोललं होतं?"

"चौऱ्याण्णव साली," विश्वासराव म्हणाले.

"कोणी?"

"मी."

पुढचं कुणी सांगायची गरजच नव्हती. डॉक्टर तेव्हा तीन महिने परदेशी होते. इंजिन विश्वासरावांच्या शेडमध्ये होतं. मृणालने मान खाली घातली आणि "चहा ठेवते," असं म्हणून आत गेली. तिच्या लहानपणी ज्या माणसाने तिच्या सायकलची चेन बसवली त्याच्याकडे तिला बघवेना. विश्वासराव तिथेच उभे होते. हातातल्या बोळ्याने ते स्क्रूड्रायव्हरची मूठ पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं. छत्तीस वर्षं कागदात घालवली की माणसाचं मन असंच सडतं. परतताना रिक्षात मी विचारलं, "विश्वासराव, तेव्हा एखादा भाग बदलताना, कुणाच्या सांगण्यावरून, काही..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अनंतराव, तुम्हीपण?" आणि बाहेर बघू लागले. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

अष्टमीला ते शेडमध्ये गेले नाहीत. नलिनीने सांगितलं की जेवलेसुद्धा नाहीत. तुषार दसऱ्याला दुपारी परत जाणार होता, आणि जाण्याआधी अहवाल लिहिणार होता. त्या अहवालात "इंजिन मूळ नाही" असं एकदा छापलं गेलं की विश्वासरावांची चव्वेचाळीस वर्षं त्या तीन शब्दांखाली कायमची जाणार होती. पैशाअडक्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सगदेवांकडून चहाशिवाय काही घेतलंच नव्हतं. नाव तेवढं होतं, आणि तेच आता जाणार होतं.

नवमीला खंडेनवमी. त्या दिवशी विश्वासरावांच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा असते आणि मी तिथे पुरणपोळीला असतो, यात खंड नाही. यंदा जाऊ की नको असं झालं होतं, पण गेलो. पाटावर पाने, मायक्रोमीटर आणि तो स्क्रूड्रायव्हर मांडलेला. विश्वासराव भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. नलिनीने सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, मग टेबलावर घट्ट बसवलेल्या, लोखंड पकडायच्या जुन्या शिकंज्याकडे वळली, तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि त्याच्या सपाट पाठीवर बोट टेकवलं. तिथे आधीच्या वर्षांची पुटं होती, काळपट लाल, टणक झालेली.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नलू, या शिकंज्यावर कंपनीचं नाव असेल ना गं कुठेतरी? तीस वर्षांत मी कधी वाचलं नाही."

"ते काय, कुंकवाखाली आहे," ती म्हणाली. "सपाट जागा तीच, मग कुंकू तिथेच लावायचं ना, दादा. आणि हे पुसू देतात होय? कारखान्यातसुद्धा मशीनवरचं कुंकू पुसायचं नाही, वर नवीन लावायचं."

विश्वासराव उठून उभे राहिले. एकाहत्तर वर्षांचा माणूस असा उठला की पाटावरचे पाने खणखणले.

"नलू, रजनीबाई खंडेनवमीला पोर्शेला कुंकू कुठे लावायच्या?"

"मागे. इंजिनाला. मी स्वतः पाहिलंय."

"पंख्याच्या उजवीकडे," विश्वासराव म्हणाले. "सपाट जागेवर." मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला, चांगला आवाज होईल इतका जोरात. "अरे, चौऱ्याण्णवला इंजिन धुताना मी त्या जागेवर कापड बांधून बाकीचं धुतलं! देवाचं आहे म्हणून. इंजिनाचा नट अन् नट साफ केला आणि तेवढीच चार बोटं जागा सोडली. चव्वेचाळीस वर्षांत मला नंबर बघावासा वाटला नाही. नंबर काय इंजिन चालवतो?"

"कागद बघायची सवय असती तर..." मी म्हणालो.

"चला, रिक्षा थांबवा," ते म्हणाले. पुरणपोळी पाटावरच राहिली. माझ्या आयुष्यात मी सोडलेली ती एकमेव पुरणपोळी.

अरेरा कॉलनीत पोहोचलो तेव्हा तुषार गॅरेजमध्ये फोटो काढत होता. विश्वासरावांचं म्हणणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. चेहऱ्यावर विश्वास नव्हता, पण माणूस सरळ होता. "काका, तसं असेल तर मलाच आनंद होईल. माझ्याकडे थर काढायचं रसायन आहे, दहा मिनिटांत..."

"हात लावायचा नाही!" विश्वासराव ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "हा धातू मॅग्नेशियमचा आहे, तुमचं रसायन डाग पाडेल. तारेचा ब्रश माराल तर अंकांच्या कडा जातील. मग खरा नंबरसुद्धा खोटा दिसेल. कुंकू तेलाने बसलंय, तेलानेच सुटेल."

आधी त्यांनी त्या जागेला हात जोडले. मग तिळाचं तेल कोमट करून घेतलं, कापसाची घडी त्यात बुडवून त्या पुटावर ठेवली आणि वर सुती पट्टी बांधली. दर तासाला नवी घडी. संध्याकाळपर्यंत ते स्टुलावर बसून होते. मृणालने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा तसाच परत नेला. तिसऱ्यांदा ती कप घेऊन तिथेच उभी राहिली. म्हणाली, "काका, पण आईला तर ही गाडी आवडायची नाही." विश्वासराव म्हणाले, "ते बघू उद्या." नलिनीने त्यांना घरी नेऊन जेवायला घातलं, आणि दसऱ्याला सकाळी आठ वाजता आम्ही सगळे पुन्हा गॅरेजमध्ये होतो.

आता काम सुरू झालं. लोखंड नाही, पत्रा नाही, फक्त कडुलिंबाची एक काडी, टोकाला चावून मऊ केलेली. डाव्या कडेने विश्वासराव थर उचलू लागले. तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. काळा, मग तपकिरी, मग गडद लाल, मध्येच एक हळदीची पिवळी रेघ, मग पुन्हा लाल. प्रत्येक पापुद्रा ते काडीवर घेऊन एका स्टीलच्या डबीत ठेवत होते. तुषार भिंग घेऊन त्यांच्या खांद्यावरून वाकला होता. नवव्या-दहाव्या पापुद्र्याला तो हळूच म्हणाला, "हे प्रायमर नाही."

मी कारखान्याचा कागद घेऊन उभा होतो. तो नंबर निघाला नाही तर काय, हे मला कुणी विचारू नये असं वाटत होतं.

पहिला अंक निघाला. "सहा," विश्वासराव म्हणाले.

"सहा," मी कागदावर बोट ठेवून म्हणालो.

"तीन."

"तीन."

"दोन."

तुषार ताठ उभा राहिला. "थांबा. सहा, तीन, दोन? सहा म्हणजे सहा सिलिंडर. तीन म्हणजे एस. दोन म्हणजे बहात्तर साल. काका, हे एसचंच इंजिन आहे!"

"मला माहीत आहे कशाचं आहे," विश्वासराव म्हणाले. "तुम्ही पुढचं वाचा, अनंतराव."

"एक. आठ. चार. सात."

काडी हळूहळू सरकली. एक निघाला. आठ निघाला, त्याच्या पोटात थोडं कुंकू अडकून राहिलं. चार निघाला. शेवटच्या अंकावर विश्वासरावांनी काडी बाजूला ठेवली आणि अंगठ्याने, अलगद, उरलेलं तेल पुसलं.

सात.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला. नलिनी रडत होती आणि रडता रडता मलाच दटावत होती, "दादा, ओरडतोस काय!" तुषारने पाच मिनिटं भिंगातून प्रत्येक अंक तपासला, कडा बघितल्या, अंकांमागचा कारखान्यातला मूळ खरखरीतपणा बघितला. मग भिंग गळ्यातून काढून गाडीच्या टपावर ठेवलं, वाकला आणि विश्वासरावांच्या तेलकट पायांना हात लावला. "काका, चूक माझी. मुंबईत वाढलो, घरी दर दसऱ्याला गाडीला हार घालतो, आणि मला कुंकू ओळखता आलं नाही. मी एवढा स्वच्छ नंबर आजवर पाहिला नाही. पन्नास वर्षं गंज नाही, ओरखडा नाही. दुसऱ्या कशानेही तो असा टिकला नसता. अहवालात मी तुमचं नाव घालणार आहे. इंजिन मूळ असल्याची साक्ष म्हणून तुमची सही पाहिजे."

ज्या कागदावर त्यांचं नाव बुडणार होतं त्याच कागदावर आता त्यांची सही येणार होती. विश्वासरावांनी खिशातून चष्मा काढला आणि मराठीत, एकेक अक्षर ठोकल्यासारखी सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अनंतराव, तुमच्या कागदाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला बघा." रिक्षातलं ते त्यांनी तिथेच सोडून दिलं. मला मात्र राहवेना. सगळ्यांदेखत मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. मेहुण्याची माफी मागणाराही आमच्या घराण्यात मीच पहिला.

मृणाल एवढा वेळ डबीकडे बघत होती. डबीत लाल-काळ्या पापुद्र्यांचा छोटा ढीग साठला होता.

"हे सगळं आईने लावलेलं?"

"चौऱ्याहत्तरपासून," नलिनी म्हणाली. "दर खंडेनवमीला. आणि डॉक्टर गेल्यावरही थांबल्या नाहीत हं. मी एकदा विचारलं, बाई, आता गाडी बाहेर निघत नाही, मग कशाला? तर म्हणाल्या, इतकी वर्षं त्यांना सुखरूप घरी आणलं तिने, आता तिला कसं विसरू?"

मृणालने डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग तिने विचारलं, "काका, कोणती ठेवू?"

मी पुढे सरसावलो. माझं मत तयारच होतं. तुषारचंही असणार. पण विश्वासराव नेहमीचंच बोलले. "कशासाठी? पळायला? संग्रहाला?"

"आईसाठी," मृणाल म्हणाली.

मला वाटलं, झालं, मर्सिडीज. बाईंची स्वतःची गाडी, त्यांच्या नावावरची, कागदोपत्री पुरावा आहे. विश्वासराव मर्सिडीजजवळ गेले, तिचं दार उघडून एकदा लावलं, आवाज ऐकला. मग परत येऊन पोर्शेच्या उघड्या झाकणावर हात ठेवला.

"अनंतराव, चव्वेचाळीस वर्षं विचारताय ना, हे घ्या उत्तर. मृणाल बेटा, तुझी आई त्या गाडीत बसायची. पण तिचा जीव ह्या गाडीवर होता. ही ठेव."

मृणाल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि यावेळी विश्वासराव लाजले नाहीत. तुषारने मर्सिडीजसाठी एक घर सुचवलं. जबलपूरचे एक डॉक्टर, दर रविवारी स्वतः गाडी पुसणारे. मी तिचं दार तीन वेळा लावून तिचा निरोप घेतला.

दुपारी आपट्याची पानं देऊन झाली आणि पुण्याला निघण्याआधी पोर्शेची पूजा करायची ठरलं. नलिनीने ताजं कुंकू तेलात कालवलं आणि वाटी मृणालच्या हातात दिली. मागचं झाकण उघडलं. मृणालचं बोट आपोआप त्याच सपाट जागेकडे गेलं, आईचं जात असे तिथेच.

विश्वासरावांनी पुढे होऊन नंबरावर आपला तेलकट अंगठा ठेवला.

"आता लाव, बेटा," ते म्हणाले. "माझ्या अंगठ्याच्या बाजूला."